चर्चमधला कॉयर ऑपेरा हाउसच्या मंचावर नेताना: फोरेच्या 'रेक्विएम'ची तयारी, टप्प्याटप्प्याने

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कॉयरना (गायनवृंदांना) मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउससारख्या जुन्या नाट्यगृहात रेक्विएम (मृतांसाठीच्या मिस्साचं संगीत) गायचा असेल, तर अडचण बहुतेक वेळा सुरांची नसते, जागेची असते. तालीम होते चर्चमध्ये. तिथे उंच छत, फरशी आणि दगडी भिंतींमुळे शेवटचा स्वर दोन-तीन सेकंद घुमत राहतो आणि निम्म्या चुका झाकून टाकतो. ऑपेरा हाउस बांधलेलं असतं शब्द ऐकू यावेत म्हणून. मखमल, गाद्या, बाल्कन्या आणि पडदे आवाज पिऊन टाकतात, घुमारा जेमतेम सेकंदभर. तिथे प्रत्येकाचा श्वास, पान उलटल्याचा आवाज, पुढेमागे पडलेला प्रत्येक 'स' मागच्या रांगेपर्यंत जातो. खालचा क्रम हे गृहीत धरून लावला आहे.

रचना गाब्रिएल फोरे यांचा 'रेक्विएम', कृती ४८. लांबी ३५ ते ४० मिनिटं, भाग सात, भाषा लॅटिन. एकल गायक फक्त दोन, सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) आणि बॅरिटोन (पुरुषांचा मधला आवाज). हौशी कॉयरला मोझार्ट किंवा व्हेर्डीच्या रेक्विएमपेक्षा हाच झेपतो. व्हेर्डीचा हट्ट चाळीस जणांच्या कॉयरने धरूच नये.

टप्पा १: तारीख आणि माणसं

रेक्विएम म्हटलं की २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस, हीच तारीख पहिल्यांदा सुचते. ती टाळा. त्या दिवशी कॉयरमधल्या निम्म्या लोकांना आपापल्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) मिस्साला गायचं असतं, दफनभूमीत जायचं असतं. शिवाय मुंबईत २ तारखेला गायचं तर १ नोव्हेंबरला बेळगावातून निघावं लागणार. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाची निषेधफेरीही. रस्ते कधी बंद होतील, गाड्या कुठून वळवतील, याचा भरवसा नसतो.

नोव्हेंबरचा दुसरा किंवा तिसरा शनिवार-रविवार धरा. मृतांसाठी प्रार्थनेचा महिना अजून चालूच असतो, ख्रिसमसच्या कॅरोलची तालीम सुरू झालेली नसते. डिसेंबरवर ढकलू नका. कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे बेळगावातले हॉल आणि लॉज भरलेले असतात, आणि कॅरोल गाऊन गळे बसलेले असतात. दिवाळी कोणत्या आठवड्यात येते ते आधी बघा, म्हणजे बसभाडं आणि रजा दोन्हींचा घोळ होणार नाही.

तालमीचे १८ आठवडे धरा, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. म्हणजे सुरुवात जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात. यातले गणपतीचे दोन आठवडे गेलेच समजा. ढोल, डीजे आणि रात्रीची जागरणं यांतून उरलेल्या आवाजावर तालीम घेण्यात अर्थ नसतो. उरले १६, तेवढे पुरतात.

चाळीस जणांची वाटणी अशी करा: सोप्रानो १२, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) ९, टेनर (पुरुषांचा उंच आवाज) ९, बास (पुरुषांचा खालचा आवाज) १०. आपल्याकडे खरी टंचाई टेनरची. 'इंट्रोइट' आणि 'आग्नुस देई' या भागांत मुख्य चाल एकटे टेनर गातात, म्हणून तिथे पाच जणांवर भागवता येत नाही. कमी पडले तर दोन-तीन खालच्या आवाजाच्या बायका टेनरमध्ये घ्याव्यात, पण वरच्या पट्टीत गळा आवळणारे बास तिकडे ढकलू नयेत.

> तपासा: पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकट्याने एक मिनिट गायला लावा. भजनी मंडळातून किंवा नाट्यसंगीतातून आलेल्यांना जरूर घ्या, फक्त एक अट आधीच सांगा: मींड नाही, कण नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरळ पाऊल. ही सवय मोडायला चार आठवडे लागतात, म्हणून ते काम पहिल्या दिवसापासून.

टप्पा २: प्रत कोणती?

गोंधळाची जागा हीच. या रचनेची दोन रूपं चालतात. १८९३च्या सुमाराचं छोट्या वाद्यवृंदाचं, आणि १९००च्या सुमाराचं पूर्ण वाद्यवृंदाचं. गायकांच्या ओळी जवळपास सारख्याच आहेत, वाद्यांच्या नाहीत. कॉयरच्या हातात एक रूप आणि वादकांच्या हातात दुसरं असेल, तर घोळ पहिल्या एकत्र तालमीत उघड होतो, आणि ती तालीम बहुधा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी असते.

चाळीस जणांसाठी छोटं रूपच घ्या. त्यात वादक असे लागतात:

- व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) ४ (दोन ओळींत)
- चेलो ३ ते ४ (दोन ओळींत)
- डबल बास १
- एकल व्हायोलिन १
- हॉर्न २
- टिंपनी (मोठे नगारे)
- हार्प
- ऑर्गन

बेळगावात व्हायोला वाजवणारे चार जण मिळणं कठीण. चोर्ला घाटाने गोवा जवळ आहे, नाहीतर मुंबईतच शोधावेत. हार्प नसेल तर तिची ओळ दुसऱ्या कीबोर्डवर चालते. मात्र अर्धवट जमलेल्या बारा वादकांपेक्षा चांगला ऑर्गन, एक चेलो आणि एक व्हायोलिन हा संच केव्हाही बरा. ऐकणाऱ्याला वाद्यं कमी असल्याचं खुपत नाही, बेसूर व्हायोला खुपतो.

फोरे १९२४ साली वारले, त्यामुळे मूळ रचनेवर आता हक्क नाहीत आणि जुन्या छापील प्रती मोफत मिळतात. नव्या संपादित आवृत्तीवर मात्र संपादक-प्रकाशकाचे हक्क असू शकतात. हक्क असलेल्या आवृत्तीची एक प्रत विकत घेऊन चाळीस झेरॉक्स काढणं हा कायद्याचा भंगच. सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी. पानांचे आकडे जुळले नाहीत तर दर तालमीत दहा मिनिटं 'कुठून?' यातच जातात.

प्रत हातात आली की पहिलं काम म्हणजे प्रत्येक बारला (मात्रांच्या खणाला) पेन्सिलने आकडा घालणं. काळ्या फोल्डरमध्ये पानं कार्डबोर्डवर चिकटवा. प्लास्टिकचे पाऊच वापरू नका, ते उलटताना कडकडतात आणि दिव्याखाली चमकतात.

टप्पा ३: स्वर एका भाषेत आणा

कॉयरमध्ये तीन प्रकारचे लोक असतात: स्टाफ (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे, चर्चमध्ये 'दो रे मी' शिकलेले आणि सरगम म्हणणारे. मायनर (कोमल गच्या) चालीत यांची गाठ पडते. दो-रे-मीवाला मायनरचा पाया 'ला' म्हणतो, सरगमवाला त्यालाच 'सा' म्हणतो. एक जण 'ला धरा' म्हणाला की दुसरा धैवताला जातो. पहिल्याच तालमीत एक पद्धत ठरवा. इथे हार्मोनियमवर वाढलेले लोक जास्त असतील तर सरगम ठेवावी. प्रत्येक भागाचा षड्ज असा (पांढरी, काळी म्हणजे पेटीच्या पट्ट्या; मेजर म्हणजे सगळे स्वर शुद्ध):

1. इंट्रोइट आणि किरिए: पांढरी दोन, मायनर (ग, ध, नि कोमल)
2. ऑफर्टोआर: पांढरी सात, मायनर, शेवटचं 'आमेन' मेजरमध्ये
3. सांक्तुस: काळी दोन, मेजर
4. पिए येझु: काळी पाच, मेजर (फक्त एकल सोप्रानो)
5. आग्नुस देई: पांढरी चार, मेजर
6. लिबेरा मे: पांढरी दोन, मायनर (बॅरिटोन आणि कॉयर)
7. इन पारादिझुम: पांढरी दोन, मेजर

ही फक्त सुरुवातीची पट्टी. फोरे दर दहा-बारा बारांत षड्ज हलवतो, म्हणून सरगम पहिले तीन आठवडे वापरा आणि मग सोडून द्या. नंतर लॅटिन शब्द आणि स्टाफवरची उंची, एवढंच.

> सावधान: तालमीला घरची हार्मोनियम आणाल तर आधी मोबाइलवरच्या ट्यूनरने पांढरी सहा तपासा, ४४० हर्ट्झ आली पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात. चार महिने चढ्या पेटीवर गायलेला कॉयर मुंबईच्या कीबोर्डबरोबर पहिल्या दिवशी बेसूर वाटतो, आणि चूक कुणाची हेच कळत नाही.

टप्पा ४: उच्चार

चर्चमधलं इटालियन वळणाचं लॅटिन ठेवा. मराठी माणसाला यात मोठी सोय आहे: त आणि द आपल्याकडे दंत्यच आहेत. घोळ इंग्रजी शाळेमुळे होतो. 'दोमिने'चं 'डॉमिने' झालं की सगळा रंग बदलतो. ट, ड पूर्ण बंद.

च आणि ज यांचं मराठीत दोन प्रकारे म्हणणं आहे, त्यातला नेमका हवा. 'लुचेआत'मधला च 'चहा'चा, 'चमच्या'चा नाही. 'आन्जेली'मधला ज 'जेवणा'चा, 'जगा'चा नाही.

बाकी यादी फळ्यावर लिहून ठेवा:

- 'रेक्वियेम एतेर्नाम': सगळे 'ए' स्वच्छ, 'रिक्वियम' नाही
- 'एइस': दोन अक्षरं, एकत्र चिकटवायची नाहीत
- 'ओस्तियास', 'ओसान्ना': सुरुवातीचा ह मुका
- 'ओरात्सियोनेम': ति नाही, त्सि
- 'एक्शेल्सिस'
- 'आन्युस देई': छापलेलं 'आग्नुस', गायचं 'आन्युस'
- 'येझु', 'येरुसालेम': ज नाही, य

शब्दाचा शेवट म्हणजे खरी परीक्षा. मराठी बोलण्यात शेवटचा अकार आपण गिळतो, ती सवय इथे 'दोना' आणि 'तेर्रा'चे शेवटचे स्वर खाऊन टाकते. उलट 'रेक्वियेम'चा म लोक लवकर मिटतात आणि सूर गुणगुणण्यासारखा होतो. ओठ कोणत्या मात्रेला मिटायचे ते प्रतीवर लिहा.

'एइस'चा 'स' चाळीस तोंडांनी आला की कोरड्या हॉलमध्ये कढईत फोडणी पडल्यासारखा आवाज होतो. उपाय सोपा आहे: शेवटचा 'स' फक्त आल्टोंनी म्हणायचा, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचं. प्रेक्षागृहात तो सगळ्यांनी म्हटल्यासारखाच ऐकू येतो.

टप्पा ५: शिकायचा क्रम

पहिल्या पानापासून सुरू करून शेवटापर्यंत जाऊ नका. तसं केलं की 'इंट्रोइट' पन्नास वेळा होतो आणि 'इन पारादिझुम' पाच वेळा. आठवड्यांचा क्रम असा ठेवा.

*आठवडे १–३: सांक्तुस आणि ऑफर्टोआरची पहिली ओळ.* 'सांक्तुस' सोपा आहे. सोप्रानो आणि पुरुष आलटून पालटून गातात, आल्टो जवळजवळ शेवटपर्यंत गप्प असतात. पण त्यामुळेच आल्टो शेवटच्या 'सांक्तुस'ला झोपेतून उठल्यासारख्या येतात. त्यांना रिकामे बार मोजायला लावा, बोटांवर, पण टाळीबिळी न देता. 'ओसान्ना' पुरुषांनी मोठ्याने म्हणायचं आहे, ओरडून नाही. छातीत हवा भरा, गळा मोकळा.

'ऑफर्टोआर' पुस्तकातला सगळ्यात अवघड भाग. आल्टो आणि टेनर एकमेकांचा पाठलाग करत, अगदी जवळच्या स्वरांवर चालतात. एकाच दिवसात तो बसवायला जाल तर दोन्ही गट एकमेकांच्या ओळीवर घसरतील. तीन आठवड्यांनंतरही दर तालमीत वीस मिनिटं तो घ्याच. आधी एकेक गट वेगळा, मग दोन्ही हळू लयीत, मग पेटीशिवाय.

*आठवडे ४–७: आग्नुस देई आणि इंट्रोइट एकत्र.* एकत्र अशासाठी की 'आग्नुस देई'च्या शेवटी 'इंट्रोइट'ची सुरुवात जशीच्या तशी परत येते. एकदा नीट बसवली की दोन ठिकाणी उपयोगी.

'इंट्रोइट'ची सुरुवात अशी आहे: वाद्यं जोरात एकच स्वर लावतात, पांढरी दोन. त्यावर कॉयर अगदी हळू मायनर कॉर्ड (एकत्र लागणारे तीन स्वर) घेतो. म्हणजे त्या एका स्वरातून कुणाला सा, कुणाला कोमल ग, कुणाला प काढायचा आहे, आणि तेही चार-पाच सेकंदांत, कुणी दिल्याशिवाय. याचा वेगळा व्यायाम घ्या. पेटीवाल्याने फक्त पांढरी दोन दाबायची, सगळ्यांनी तोंड मिटून मनात आपला स्वर शोधायचा, हाताच्या इशाऱ्यावर एकदम 'रेक्वियेम'चा 'रे'. पहिल्या आठवड्यात कोमल ग हमखास चढतो, कारण मेजरची सवय. दर तालमीची सुरुवात यानेच करा, दोन मिनिटं पुरतात.

'आग्नुस देई'तली 'लुक्स एतेर्ना'ची जागा नाजूक आहे. सोप्रानो एकट्याच एक स्वर धरतात, पांढरी एक. तोपर्यंत षड्ज पांढरी चारवर होता, म्हणजे हा त्यांचा प. मग खालून कॉर्ड बदलते, षड्ज एकदम काळी चारवर जातो आणि तोच स्वर शुद्ध ग होतो. कॉयर घाबरतो तो इथे. खालचं जग हललं म्हणून सोप्रानो आपला स्वरही हलवतात. त्यांना सांगा: 'तुम्ही जागच्या हलू नका, जमीन हलतेय.' तालमीत पेटीवर तो एक स्वर सोप्रानोंसाठी दाबून ठेवा, खालच्या कॉर्ड दुसऱ्याने बदलाव्यात. दहा वेळा ऐकलं की भीती जाते.

*आठवडे ८–११: लिबेरा मे.* बॅरिटोनची ओळ कॉयरनेही पाठ करावी, कारण शेवटी तीच सगळे एकसुरात गातात. मधला 'दिएस इल्ला' सहा मात्रांचा आणि जोरदार. इथे लय पळते, कारण तबल्यावर वाढलेला माणूस जोर आला की चढतोच. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) लावा आणि फक्त शब्द बोला, सूर नको. लय टिकली की सूर परत घाला.

*आठवडे १२–१३: इन पारादिझुम.* जवळपास सगळं सोप्रानोंचं. वाक्यं लांब आणि पाया ऑर्गनच्या सतत फिरणाऱ्या स्वरांचा. श्वास साखळीने घ्यायचा: शेजारचीने घेतला की आपण घ्यायचा नाही. प्रत्येकीने आपली श्वासाची जागा पेन्सिलीने लिहावी, आणि ती दोन शब्दांच्या मधे नसून लांब स्वराच्या मधोमध असावी. शब्दांमधे सगळ्याच घेतात, म्हणून तिथे खड्डा पडतो.

*आठवडे १४–१६: सलग.* आता न थांबता पूर्ण. एखादी ओळ पडली तरी मागे जायचं नाही.

> तपासा: प्रत्येक भाग पेटीशिवाय गाऊन झाला की शेवटच्या स्वरावर पेटी लावा. पाव स्वर उतरला असेल तर दम कमी पडतोय, बहुतेक वेळा खालच्या दिशेने जाताना. चढला असेल तर ताण आहे. कॉयरला नुसतं 'बेसूर आहात' म्हणू नका, कुठल्या बारपासून घसरला ते दाखवा.

टप्पा ६: कोरड्या जागेत तालीम

चौदाव्या आठवड्यानंतर चर्च सोडा. फरशीचं मंगल कार्यालयही नको, ते चर्चपेक्षा जास्त घुमतं. शाळेचा हॉल घ्या, खाली सतरंज्या आणि जाजम अंथरा, खिडक्यांना जाड पडदे लावा. पहिल्या दिवशी कॉयर खचेल. आवाज पातळ वाटेल, शेजारचा ऐकू येणार नाही. हे होणारच, आणि मुंबईत होण्यापेक्षा इथे झालेलं बरं.

कोरड्या जागेत तीन गोष्टी बदला. लय किंचित पुढे ढकला, कारण घुमारा वाक्य धरून ठेवत नाही. लांब स्वर पूर्ण मात्रेपर्यंत धरा, आधी सोडू नका. आणि हळू गाताना व्यंजनं जास्त स्पष्ट करा. अगदी हळू म्हणजे कमी हवा असा समज आहे, तो चुकीचा. हवा तेवढीच लागते, आवाज कमी.

टप्पा ७: मंच, पायऱ्या, पाठभिंत

रॉयल ऑपेरा हाउस गिरगावात, चर्नी रोड आणि ग्रँट रोड स्टेशनांच्या मधे आहे. आसनं पावणेसहाशेच्या आसपास. आधी दोघांनी जाऊन जागा बघून या आणि मंचाची रुंदी, खोली, विजेचे पॉइंट, माल आत आणायची वेळ हे सगळं लिहून आणा. जुन्या वास्तूचे नियम लेखी मागा: खिळे, चिकटपट्टी, मेणबत्त्या. रेक्विएमला मेणबत्त्या लावायची इच्छा सगळ्यांना होते. बॅटरीच्या घ्या.

कॉयर मागे उभा राहिला तर अर्धा आवाज मंचावरच्या उंच पोकळीत आणि पडद्यांत जातो. मंचाच्या कमानीच्या जितकं पुढे जाता येईल तितकं पुढे उभं राहा, आणि मागे भिंत तयार करा.

चाळीस जण, चार रांगा, रांगेत दहा. माणशी ६० सेंटिमीटर, म्हणजे रांग ६ मीटर. पहिली रांग जमिनीवर, मागच्या तीन २०, ४० आणि ६० सेंटिमीटर उंचीवर. प्रत्येक पायरीची खोली ६० सेंटिमीटर. शेवटच्या पायरीमागे मीटरभर उंच कठडा हवाच, गायकाला चक्कर आली तर तो मागे पडतो.

बनवायच्या असतील तर १८ मिलिमीटर प्लायच्या ८ बाय ४ फुटी शीटमधून ४ बाय २ फुटांचे चार तुकडे निघतात. रांगेला पाच, तीन रांगांना पंधरा, म्हणजे चार शीट. सांगाडा वेगळा. पाठभिंतीला १२ मिलिमीटरच्या पाच शीट उभ्या करा, वरचा भाग किंचित पुढे झुकलेला, मागून टेकू पक्का. मांडववाल्याचे पाट नेऊ नका. लग्नात ते चालतात, इथे पाय बदलला की करकरतात. लाकूड लाकडाला टेकतं तिथे रबराची पट्टी घाला. सगळं मुंबईतच भाड्याने मिळालं तर प्रवासातला ट्रक वाचतो.

ऑर्गनचा स्पीकर कॉयरजवळ ठेवा, सभागृहाच्या स्पीकरमध्ये जोडू नका. नाहीतर कॉयर मंचावर आणि ऑर्गन भिंतीतून, आणि लय अर्ध्या मात्रेने फाटते. गायकांना माइक शक्यतो नकोच. लागलेच तर वर टांगलेले दोन, हातात एकही नाही.

टप्पा ८: प्रवास

बेळगावहून निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे असा रस्ता साधारण पाचशे किलोमीटर. रात्रीच्या बसने पोचून संध्याकाळी गायचं हा बेत करू नका. एसीने गळा कोरडा होतो, झोप लागत नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. खासगी बस कर्नाटक पासिंगची असेल तर तिचं महाराष्ट्रात चालणारं परमिट आणि कराच्या पावत्या आधी बघा, निघताना नव्हे. सीमावाद तापला की एसटीच्या फेऱ्या अचानक थांबतात, म्हणून सगळा कॉयर एसटीवर टाकू नका. रेल्वेने जायचं तर आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात. दादरहून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल घ्या, फास्ट चर्नी रोडला थांबत नाही.

नोव्हेंबरात बेळगावची हवा कोरडी आणि थंड, मुंबईची दमट. चेलो-व्हायोलिनचा सूर हलतो. वाद्यं किमान दोन तास हॉलच्या हवेत उघडी ठेवा, मग सूर लावा.

टप्पा ९: कार्यक्रमाचा दिवस

- सकाळी ९: पायऱ्या, पाठभिंत, दिवे. प्रत्येक पायरीवर दोन जणांनी पाय आपटून बघायचं.
- १२: वादक एकटे.
- २ ते ४: कॉयरसह. पूर्ण गळा फक्त जोडांच्या जागी: सुरुवात, 'लुक्स', 'दिएस इल्ला', शेवट. बाकी अर्ध्या आवाजात.
- दोन जण बाल्कनीत बसून ऐकतील, मंचावरच्याने आपल्या कानावर विश्वास ठेवू नये.
- ४.३०: जेवण. हलकं, तिखट नको. बेळगावहून आणलेला कुंदा कार्यक्रमानंतरच उघडा. दाट गोडाने गळ्यावर साय बसते.
- ५.४५: आवाज मोकळे करणं, पंधरा मिनिटं, जास्त नाही.

कपडे काळे. काही घरांत बायकांना काळं नेसायला नको वाटतं, पण संक्रांतीची काळी साडी बहुतेकींच्या कपाटात असते. खळ केलेली, सळसळणारी नको. काचेच्या बांगड्या, पैंजण आणि घड्याळाचा गजर मंचाबाहेर.

कार्यक्रमात रेक्विएम मध्यंतरानंतर ठेवा आणि मधे कुठेही तोडू नका. पहिला अर्धा भाग पंचवीस मिनिटांचा पुरे. त्यात फोरेचंच पाच-सहा मिनिटांचं 'कांतिक द झां रासीन' याच कॉयरला बसतं.

निवेदन मराठीतही करा, आणि त्यात दोन वाक्यं जरूर घाला: सात भागांच्या मधे टाळ्या नकोत, आणि वन्स मोअर नाही. नाटकाला बसणारा आपला रसिक चांगली जागा आली की 'वाहवा' म्हणणारच. सांगितलं तर तो थांबतो, न सांगता नाराज होण्यात अर्थ नाही. कंडक्टरने शेवटच्या स्वरानंतर हात वरच ठेवावेत. हात खाली आले की टाळ्या.

> सावधान: मंचावर कुणाला भोवळ आली तर शेजाऱ्याने त्याला जागेवरच खाली बसवायचं, बाकीचे गात राहतील. हे आदल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा. गुडघे ताठ करून उभं राहू नका, भोवळ येण्याचं नेहमीचं कारण तेच.

टप्पा १०: आवराआवर

हॉलची वेळ किती वाजता संपते ते करारात बघून ठेवा. जुन्या नाट्यगृहात जादा तासाचं भाडं लागतं आणि पायऱ्या उतरवायला तासभर जातो. आठ जणांची नावं आवराआवरीसाठी आधीच लिहा, हार घ्यायला सगळे असतात, प्लाय उचलायला कुणी नसतं. भाड्याच्या प्रती असतील तर त्यांवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसून, मोजून, त्याच रात्री एका पेटीत भरा. दुसऱ्या दिवशी बसमध्ये वाटल्या गेल्या की अर्ध्या खानापूरला उतरतात.

बस रात्री सोडू नका. सकाळी निघा.